दीडशेपट लहान

१३ जानेवारी २००८, रविवार. आकाश स्वच्छ होतं, घाटाकडून येणारा वारा सकाळी बोचरा होता आणि गॅलरीत ऊन जरा उशिराच आलं. त्या उन्हात टेबल ओढून मी सृष्टीच्या इमारतीच्या खिडक्या बसवायला घेतल्या.

सृष्टी ही आमची एकुलती मुलगी. कंपनीनं तिला कामासाठी जपानला पाठवलं होतं आणि कावासाकीत एका आठ मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर, ती एकटी राहत होती. मार्चअखेर तिचं तिथलं काम संपणार होतं आणि ती कायमची परत येणार होती. कारखान्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी घरी बसून बायकोचं, सत्यशीलेचं, डोकं खाईन अशी भीती मायलेकी दोघींना वाटली असावी, कारण त्याच दिवाळीत सृष्टीनं तिकडून मला एक छोटी आगगाडी पाठवली. तिला खेळणं म्हटलेलं मुलीला चालत नसे. तिकडे मोठी माणसं हा छंद करतात, त्यात रूळ, फलाट, दुकानं, माणसं, सगळं खऱ्याच्या बरोबर दीडशेपट लहान असतं, आणि इमारतींचे सुटे भाग खोक्यातून येतात ते आपण जोडायचे असतात. पुढे तिनं एकेक खोकं पाठवलं आणि मी तिच्याच खोलीत, एका जुन्या दाराच्या फळीवर, तिची गल्ली उभी करायला घेतली.

जोडणं सोपं असतं. खरं काम त्यानंतरचं. खोक्यातली इमारत इतकी कोरी असते की तिच्यात कोणी राहत असेल असं वाटत नाही. तिला एसीची यंत्रं लावायची, त्यांच्याखाली गंजाचा ओघळ काढायचा, दुकानाची पाटी फोटोतून कापून चिकटवायची, जिन्याखाली सायकल टेकवायची. भिंतीवरून पाणी कुठून ओघळेल हे एकदा कळलं की इमारत खरी वाटू लागते. हे मला कोणी शिकवलं नाही. सृष्टी आपल्या इमारतीचे फोटो पाठवायची, ते मी भिंगाखाली धरायचो आणि बघून बघून करायचो.

त्या फोटोंत ग्रिल नव्हतं. हे मला पक्कं आठवतं, कारण त्यावरून त्या सकाळी बोलणं झालं होतं. सत्यशीला चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली,

"अहो, ग्रिल राहिलं."

"तिकडे ग्रिल लावत नाहीत."

"का? चोर काय फक्त पुण्यातच जन्माला येतात?"

"अगं, फोटोत नाहीये."

"फोटोत मुलगीपण नाहीये. राहते ना तिथे?"

आमच्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी ग्रिलवाला येतो आणि मग वास्तुशांत होते. उघडी खिडकी बघून आम्हाला मोकळं वाटत नाही, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मलाही ते वाटत होतंच. चहाच्या एका जुन्या गाळणीची जाळी मी कापली, तिच्या पट्ट्या केल्या, काळ्या रंगात बुडवल्या आणि चौथ्या मजल्याच्या खिडक्यांना बसवल्या. सत्यशीला बराच वेळ बघत उभी राहिली. "आता कसं घर वाटतंय," म्हणाली.

दर रविवारी दुपारी आम्ही कॉम्प्युटरवरून सृष्टीशी बोलत असू. त्या दिवशी ती पडद्यावर आली तेव्हा तिच्या मागच्या खिडकीला काळे गज होते.

"ग्रिल कधी बसवलं?" मी विचारलं.

"कुठलं?" तिनं मान वळवून पाहिलं. "हे? हे पहिल्यापासून आहे बाबा. त्याच्यावरच तर कपडे वाळत घालते."

बोलणं संपल्यावर मी तिचे जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोत ग्रिल होतं. एकात त्यावर तिचा पिवळा टॉवेल वाळत होता. मी सत्यशीलेला हाक मारली आणि सकाळचं बोलणं आठवतंय का विचारलं.

"आठवतंय की. फोटोत आहे म्हणून लावतो, असं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. "वय झालं तुमचं. मान्य करा, म्हणजे मीही कधीतरी करीन."

माणूस विसरतो.

फेब्रुवारीत इमारतीचं तळमजल्याचं दार बसवायचं होतं. ते नखाएवढं असतं. मी ते चिमट्यात धरलं, चिमटा घसरला आणि तुकडा उडाला. हे काम करणाऱ्या प्रत्येकाचं असं होतं. उडालेला तुकडा जमिनीवर पडल्याचा आवाजही येत नाही, आणि तो बहुधा सापडत नाही. मी सतरंजी झटकली, पलंगाखाली पालथा पडून पाहिलं, सत्यशीलेनं केरसुणीनं काढलेला केर कागदावर पसरून दोघांनी निवडला. दार मिळालं नाही. सृष्टी येताना दुसरं आणेल, असं ठरवून मी त्या जागी तात्पुरती एक कोरी पट्टी बसवली. प्लॅस्टिकचा सांधा डिंकासारखा नसतो. त्यासाठीचं द्रावण दोन्ही कडा थोड्या विरघळवतं आणि वाळल्यावर दोन तुकडे उरत नाहीत, एकच होतो. उघडी पट्टी डोळ्यांना खुपत होती म्हणून मी तिला भिंतीचाच रंग दिला. दार नसलेली ती भिंत इतकी बेमालूम झाली की मला जरा अभिमानही वाटला.

त्या रविवारी सृष्टी घरच्या कपड्यांत होती. एरवी रविवार म्हणजे ती कुठे जाऊन आली हे सांगायला अर्धा तास पुरत नसे.

"आज कुठे गेली नाहीस?" सत्यशीलेनं विचारलं.

"बाहेर कशाला जायचं आई? काम घरून करते. सामान वर येतं."

"पण खाली उतरतेस की नाही? पाय मोकळे करायला?"

दूरच्या नात्यातल्या कुणाचं नाव विचारावं आणि ते आठवू नये, तसा सृष्टीचा चेहरा झाला.

"खाली म्हणजे?" ती म्हणाली.

सत्यशीला हसली. मी हसलो नाही. मी तिकिटाचं विचारलं. "बघू बाबा," ती म्हणाली. "बघू म्हणजे काय?" सत्यशीला म्हणाली, "गाद्या पिंजून घेतल्यात मी तुझ्यासाठी. त्यावर काय तुझ्या बाबांची आगगाडी झोपवू?" सृष्टी गोड हसली आणि पुन्हा म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारदार पातं घेतलं आणि कोऱ्या पट्टीच्या कडेवर ठेवलं. कड कुठे होती हे मलाच दिसेना. अंदाजानं जोर दिला तसा बारीक आवाज झाला आणि पात्याच्या टोकापासून एक केसाएवढी भेग वर सरकत चौथ्या मजल्यापर्यंत गेली. मी हात काढून घेतला.

रविवारी सृष्टीच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, चिकटपट्टीनं बुजवलेली भेग दिसत होती.

"भूकंप झाला का गं?"

"छे. ती कधीची आहे बाबा."

त्यानंतर मी इमारतीला हात लावला नाही. पण हात न लावून भागत नव्हतं. खिडकीतून मांजर येई, सत्यशीलेचा फडका फिरे, वाऱ्यानं कॅलेंडर उडून फळीवर पडे. एकदा मी इमारतीवर पातेलं उपडं घातलं, आणि आत किती अंधार झाला असेल हे लक्षात येताच काढून घेतलं. मंडईत जाणं मी सोडलं, नंतर दूध आणणंही सोडलं. खुर्ची टाकून मी त्या खोलीतच बसू लागलो.

"तुम्हालाही कोणी कुलूप घातलंय का?" सत्यशीलेनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "मुलगी यायचं नाव घेत नाही, त्याचं दुःख मलाही आहे," ती म्हणाली. "मी काय गाळणीला दोष देते?"

मार्चचा मध्य आला. तिकीट काढलेलं नव्हतं. आता फोनवर सृष्टी कमी बोलायची, आणि जे बोलायची ते खोलीतल्या वस्तूंबद्दल असायचं.

तेव्हा मला सुचलं की इमारत फोडायची गरजच नाही. आत काही करायचं नाही, जे करायचं ते बाहेर. स्टेशनच्या खोक्यात माणसांची एक पुडी होती: बॅगवाले नोकरदार, शाळकरी मुली, छत्रीवाल्या बायका. त्यातली एक बाई मी निवडली. हातात प्रवासी बॅग, मान किंचित वर. सृष्टीचा जांभळा स्वेटर मी भिंगाखाली रंगवला, केस खांद्यापर्यंत आणले, कपाळावर टिकलीएवढीही जागा नव्हती तरी सुईच्या टोकानं टिकली दिली. अशी बारीक माणसं स्वतःच्या पायांवर उभी राहत नाहीत, त्यांना तळाशी थेंबभर द्रावण लावावं लागतं. मी ते लावलं आणि तिला फलाटावर, गाडीचं दार जिथे येतं बरोबर तिथे, उभं केलं.

संध्याकाळी फोन वाजला. तिचा मोबाइल होता.

"बाबा! तिकीट काढलं. मी स्टेशनवरच आहे, आता विमानतळावर निघाले. उद्या मुंबईत." मागे गर्दीचा आवाज होता, घंटी वाजत होती. किती दिवसांनी तिचा आवाज तसा ऐकला. सत्यशीलेनं फोन माझ्या हातून ओढून घेतला, "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं पुरणासाठी डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी मी टॅक्सीनं मुंबईला विमानतळावर गेलो. विमान वेळेवर उतरलं. सगळे प्रवासी बाहेर आले, सफाई करणारे आत गेले. सृष्टी आली नाही. मी तिला फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"कुठे आहेस?"

"स्टेशनवर. गाडीची वाट बघतेय."

"कालपासून?"

"गाड्या येतायत बाबा. दार अगदी समोर उघडतं."

"मग चढत का नाहीस?"

"चढतेच आहे ना," ती म्हणाली. लहान मुलाला समजवावं तशी सावकाश. "पुढची पकडते." मागे घंटी वाजली, दारं सरकल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळानं दारं मिटल्याचा.

मी घरी आलो. सत्यशीला देवापाशी बसली होती, मी तडक खोलीत गेलो. वाळलेलं द्रावण परत सुटत नाही, हे मला माहीत होतं. मी चिमट्यानं आकृती कमरेशी धरली आणि हळूहळू, डावी-उजवीकडे हलवत, वर ओढली. ती निघाली. पण घोट्यांपासून वर. दोन्ही पावलं बुटांसकट फलाटावरच राहिली.

२३ मार्च २००८, रविवार. ऊन कडक होतं, वारा अजिबात नव्हता. दुपारी सृष्टी आली. लिफ्टचं दार उघडलं आणि टॅक्सीवाल्यानं तिची चाकाची खुर्ची बाहेर ढकलली. तिच्या अंगात जांभळा स्वेटर होता आणि मांडीवरची शाल घोट्यांपर्यंत लोंबत होती. तिच्याखाली, पावलं टेकायच्या पाटीवर, काही नव्हतं.

"दमले बाबा," ती हसून म्हणाली. "आत घ्या ना."

सत्यशीलेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. "अहो, बघत काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "उंबऱ्याला फळी लावा की. नेहमीचं तर आहे."

फळी दाराआडच होती. तिच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि मधोमध, चाकांच्या अंतरावर, दोन खोलगट चाकोऱ्या पडल्या होत्या.