मिनिटाला वीस थेंब

धाकट्याची पाणबुडी आठ वर्षं पाण्यात जात होती, पण पाण्याखाली एकदाही गेली नव्हती.

दगडखाणीत साठलेल्या पाण्याच्या काठी जाड भिंगांच्या चष्म्याचा एक गृहस्थ गळ टाकून बसायचा. तो तिला बदक म्हणायचा. "काय साहेब, बदक आणलंत का?" असं तो दर रविवारी विचारी आणि धाकटा दर रविवारी हसून सोडून देई. हसायचा खरा, पण घरी जाऊन जेवताना अवाक्षर बोलायचा नाही. हे त्याच्या बायकोनेच थोरलीच्या कानावर घातलं होतं.

थोरली म्हणजे त्याची बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. धाकटा नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेला, तर थोरलीने सोळाव्या वर्षापासून पंपदुरुस्तीच्या दुकानात बसून मोटारी भरल्या होत्या. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची. अडतीस वर्षं तेच; दुकान सोडूनही आता बरीच वर्षं झाली होती. तिने भरलेल्या मोटारी जमिनीत दोनशे-तीनशे फूट खोल भोकात सोडल्या जात, वर पाणी आलं की गिऱ्हाईक खूश आणि थोरली पुढच्या मोटारीला हात घालायला मोकळी.

एका दुपारी ती भावाकडे आली तेव्हा त्याने पाणबुडी टेबलावर उघडून ठेवली होती. सव्वा मीटर लांब, सांडपाण्याच्या पाइपातून घडवलेली. पुढे गोल नाक, मधे मनोरा, शेपटीला पितळी पंखा आणि दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखी पाती. पोटात पाणी भरून बुडणारी ही जात नव्हती. जोरात पुढे पळायचं, पाती झुकवायची आणि पाण्याच्या दाबानेच खाली जायचं, अशी तिची रीत. मोटार बंद पडली तरी आपोआप वर यावी म्हणून धाकट्याने तिला मुद्दाम पाण्यापेक्षा एका लिंबाच्या वजनाइतकी हलकी ठेवली होती. पण तेवढं लिंबूसुद्धा खाली न्यायला मोटारीत दम नव्हता.

"बाजारात ताकदीची मोटार मिळते, ताई," धाकटा म्हणाला. "पण ती बसवायची तर अख्खी शेपूट कापावी लागेल."

"मग आहे तीच दे इकडे."

"तिचं काय करणार?"

"ते तुला कळत असतं तर आठ वर्षं बदक पोहवत बसला असतास होय?"

भावजय आतून हसली. "न्या, वन्सं, न्या. आणि जमलं तर ह्यांनाही घेऊन जा. माझ्यापेक्षा त्या नळकांड्याशीच जास्त बोलणं असतं."

थोरलीने मोटार घरी आणली. मुठीत मावेल एवढा जीव. जुनी केसासारखी तार सोडवताना तिने वेढे मोजले, ते पंचावन्न निघाले. तिने जाड तारेचे तीसच घातले, म्हणजे वीजही जास्त खाईल आणि वेगही वाढेल. वेढे मोजताना ती ओठ हलवायची आणि तेवढा वेळ तिच्याशी बोलायची कुणाची छाती नसे. मग वार्निश पाजलं, दोन दिवस उन्हात वाळवलं, कार्बन नवे बसवले. वायर जोडताच मोटार अशी किंचाळली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

आता पंखा इतक्या वेगाने फिरणार, तर शेपटीतून बाहेर जाणाऱ्या दांड्याभोवतीची जुनी रबरी रिंग वितळून जाईल, हे तिला दिसतच होतं. तिने ओळखीच्या लेथवाल्याकडून पाणी अडवायची पितळी ग्लँड करून घेतली, दांड्याभोवती ग्रीस माखलेली दोरी दाबून भरली आणि वरचा नट बोटांनी बसवून पान्याने पाव फेरा दिला. बस, तेवढाच. तिचा हात तिथे आपोआप थांबला.

रविवारी भावजयीसह तिघं खाणीवर गेली. सकाळचं ऊन पाण्यात उतरलं होतं आणि दहा-बारा फुटांपर्यंत दगडाचे कापलेले थर स्वच्छ दिसत होते. त्याखाली हिरवं, आणि हिरव्याखाली काळं. तळ कुणी चाळीस फूट सांगे, कुणी साठ.

"साहेब, आज तरी बुडवणार का?" गळवाल्याने हाक दिली.

धाकटा काठाशी उकिडवा बसला. काठच्या उथळ पाण्यात पाणबुडी तरंगत ठेवून तो अर्धा तास शिशाचे तुकडे इकडचे तिकडे करत होता, पाती हलवून बघत होता. थोरली कंटाळली.

"अरे, लग्न लावतोयस का तिचं? सोड आता."

"गेली तर गेली म्हणायला माझ्याकडे दुसरी नाही, ताई."

"आराखडे आहेत ना तुझे?"

"आराखडे आहेत. आठ वर्षं नाहीत."

मोटार आपण भरली आहे, याची थोरलीला पहिल्यांदाच थोडी भीती वाटली.

बहीण-भाऊ पाण्यावर झुकलेल्या एका सपाट कातळावर जाऊन उभी राहिली. धाकट्याने रेडिओच्या पेटीवरचा दांडा पुढे ढकलला. पाणबुडी सुटली ती पाण्याला चीर पाडतच. मग त्याने दुसरा दांडा अलगद खाली घेतला. नाक वाकलं. मनोऱ्याभोवती पाणी चढलं, मनोरा अर्धा झाला, आजवर इथेच ती थांबायची. आज थांबली नाही. पाणी वरून मिटलं आणि त्यावर एक लाटसुद्धा उरली नाही.

गळवाला उभा राहिला.

ती त्यांच्या पायांखालून गेली, पुरुषभर खोल. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या तिच्या पाठीवरून सरकत होत्या. आवाज नव्हता. अडतीस वर्षांत थोरलीच्या हातच्या हजारो मोटारी पाण्याखाली चालल्या, पण एकही चालताना तिने पाहिली नव्हती. त्या काळोखात जायच्या आणि वर यायच्या त्या जळूनच. चालत्या मोटारीचं पाण्याखालचं रूप हे असं असतं? इतकं शांत? घरी शेजारणीला दारात आणणारी ती किंचाळी कुठे गेली? तिच्या तीस वेढ्यांनी तो एवढा मोठा जीव पुढे ढकलला जात होता आणि पाण्याला त्याची खबरसुद्धा नव्हती.

"श्वास घे, ताई," धाकटा म्हणाला.

त्याने तिला चार वेळा वर आणलं, चार वेळा खाली नेलं. पाचव्या वेळी ती बरोबर कातळाखाली आली तेव्हा त्याने मोटार बंद केली. आता ती आपणहून वर येणार होती.

ती आली नाही.

ती खालीही गेली नाही. वर नाही, खाली नाही, पाण्याच्या मधोमध तशीच राहिली. आधार कशाचाच नाही. पंखा थांबलेला, पाती सरळ. तिची सावली मात्र पलीकडच्या दगडी भिंतीवर स्वच्छ पडली होती. एक लहानसा मासा आला, मनोऱ्यापाशी क्षणभर थबकला आणि तिथलाच कुणी असावा तसा तिला वळसा घालून निघून गेला.

"हे कसं होतंय?" धाकटा पुटपुटला. "असं हिला येतच नाही."

थोरलीला वाटलं, आता कुणी हलू नये. आपल्या पापणीनेसुद्धा ते मोडेल.

मग शेपूट खाली झुकू लागली. अगदी सावकाश, झोप लागलेल्या माणसाची मान कलते तशी.

"ग्लँड!" थोरली ओरडली. "अरे, ग्लँड गळतेय!"

"गळतेय म्हणजे? किती सोडलीस?"

"नेहमीसारखी. मिनिटाला वीस थेंब."

पंपाची ग्लँड कुणी जाणता माणूस गच्च आवळत नाही. थेंब थेंब गळू दिलं की दांडा थंड राहतो, दोरी जळत नाही. आवळून कोरडी करणाऱ्याला दुकानात शिव्या बसत. पण पंपाचे थेंब बाहेर पडतात. हे थेंब तासाभरापासून आत पडत होते आणि धाकट्याचं ते लिंबू त्यांनी खाऊन टाकलं होतं.

पाणबुडी आता हिरव्यात उतरली होती. नाक वर, शेपूट खाली.

"ओढ वर! पुरा जोर दे!"

"आतली वायर भिजली असेल तर सगळंच बंद..."

"नाक वरच आहे तिचं! दे म्हणते ना!"

धाकट्याने दांडा टोकापर्यंत ढकलला. काही झालं नाही. मनोरा दिसेनासा झाला, मग पाठ, मग नाकाचा फिका ठिपका तेवढा राहिला. थोरलीने भावाचा दंड इतका घट्ट धरला की पुढे चार दिवस वळ होते. तिला तो ठिपका थांबल्यासारखा वाटला. मग तो वाढला. काळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून उन्हात, पाणी मागे सारत ती सरळ उभी चढत आली आणि अर्धं अंग पाण्याबाहेर काढून धप्पदिशी आडवी पडली.

"काठाकडे घे! थांबवू नकोस!"

ती जेमतेम नाक वर धरून उथळात आली. धाकटा चपला, पॅन्ट, घड्याळ कशाचाही विचार न करता कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि तिला तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून बाहेर आला. शेपटीकडून वाटीभर पाणी निघालं. थोरलीने मोटारीला बोट लावलं, चटका बसला. पण वास जळका नव्हता.

तिने पान्याने नट आवळला. तिच्या हाताला ते पटेना, दोनदा तो मधेच थांबला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून फेरा पूर्ण केला.

"बाबा रे, माझ्या सवयीने तुझी आठ वर्षं..." ती म्हणाली.

"लटकली होती, ताई," धाकटा म्हणाला. त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. "पाहिलंस ना तू? लटकली होती."

भावजय इतका वेळ मागे सतरंजीवर मासिक घेऊन बसलेली असायला हवी होती. ती केव्हा कातळावर येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नव्हतं. पाणबुडी वाळवायला पंचावर ठेवली तरी ती पाण्याकडेच बघत होती. हात लांब करून तिने बोट दाखवलं.

"तिथेच लटकली होती ना?"

"नाही गं," थोरली म्हणाली. "जरा डावीकडे. त्या पांढऱ्या दगडासमोर."

"पांढऱ्या दगडाच्या अलीकडे," धाकटा म्हणाला.

"तुम्ही दोघंही चुकताय," गळवाला मागून बोलला. त्याचा गळ माशाने कधीचा ओढून नेला होता, दोरीसकट. "मी इथून बघत होतो. अगदी मधोमध."

मग चौघंही कातळाच्या कडेला वाकून त्या मोकळ्या पाण्याकडे बघत बराच वेळ वाद घालत राहिली.