आकड्यांचा पडदा आणि मी

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या डाव्या कानाची गादी फाटली आहे, माईकचा दांडा चिकटपट्टीने बांधला आहे, आणि मित्रांनो, स्वभावाने मी भारी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी समजूतदार वगैरे असेन असा तुमचा गैरसमज व्हायला नको.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी मला डोक्याला लावले, माईकमध्ये "हॅलो, हॅलो" केले आणि म्हणाल्या, "हा छान बोलतो!" त्या कौतुकावर मी कितीतरी दिवस काढले. मग एका दादाने मला विकत घेतले. नोकरीसाठी दूरच्या शहरात जाताना त्याने मला धाकट्या बहिणीच्या डोक्यावर चढवले.

"ठमे, रोज संध्याकाळी खेळायला यायचं हं," तो म्हणाला. "फोनवर तू नुसती हं हं करतेस."

ठमी चष्म्याच्या दुकानात भिंगे बसवायची. घरी आली की पर्स पलंगावर आणि मी डोक्यावर! पाच जणांचा संघ, समोर दुसरे पाच, आणि मधला किल्ला जिंकायचा, असा तो ऑनलाइन खेळ. दादाच्या तोंडाला कुलूप म्हणून नसे. साहेबांच्या नकला, करपलेली भाजी, मध्येच "अगं, डावीकडे बघ! तुझी डावी, माझी नाही!" हरले तर दोघे आणखीच हसत. ते सगळे हसू माझ्यातून जाई. काय माझा रुबाब होता तेव्हा!

मग ठमीने एक दुसरा, लहान पडदा आणला. कोणी किती गडी बाद केले, कोणाचा नेम किती टक्के, कोण कितव्या क्रमांकावर, सगळे त्यावर उमटायचे. चांगले ते हिरवे, वाईट ते लाल. आता ठमी घरी आली की आधी त्याला चालू करी. माझा नुसता जळफळाट होई. त्याला ना कान, ना तोंड, आणि तोरा केवढा! संघातली माणसेही बदलली. पूर्वी हरल्यावर "चला, परत खेळू" म्हणणारे आता "कोणामुळे हरलो?" असे विचारू लागले.

एके दिवशी त्या पडद्याने दाखवले की, गप्पा झाल्या की ठमीचा नेम घसरतो. झाले! तिने खेळात दादाचा आवाज बंद करून टाकला, आणि त्याला लिहून कळवले, "हेडफोन बिघडलाय रे. ऐकू येत नाही, बोलताही येत नाही."

मित्रांनो, मी ठणठणीत होतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाने बिचाऱ्याने "बरं" एवढेच लिहिले आणि तो मुकाट्याने खेळू लागला.

पुढे दादाचे आकडे लाल होऊ लागले. रोज थोडे आणखी लाल. मला सगळ्यात जास्त खुपले ते हेच. दादाची खबर आता त्या पडद्याकडे होती, माझ्याकडे नव्हती. खेळाची स्पर्धा तोंडावर आली तेव्हा ठमीने त्याला लिहिले, "दादा, तुझे आकडे फारच खाली गेलेत. या वेळी तू बाहेर बस." त्याने पुन्हा लिहिले, "बरं."

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. मी टेबलावर पडलो होतो. ठमीने फोन शेजारी ठेवून स्पीकर लावला होता.

"तुला सांगू नको म्हणाला होता, पण सांगते," वहिनी म्हणाली. "बरेच दिवस झाले, जिन्यावरून पडला. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात आराम करा, पण संध्याकाळ झाली की हा खेळायला बसतोच, डाव्या हाताने. म्हणतो, ठमी वाट बघत असेल."

फोन ठेवल्यावर तिने मला उचलले, डोक्याला लावले आणि दादाचा आवाज सुरू केला. दादा खेळात आला होता, नुसता बघायला.

"दादा?"

"अरे वा! झाला का हेडफोन दुरुस्त?" किती दिवसांनी तो आवाज माझ्यातून गेला! "मी तुला नवा मागवला होता गं."

नवा! म्हणजे माझी सुट्टी! पण ठमीचा श्वास माईकवर जोरात आपटत होता.

"तो बिघडलाच नव्हता दादा. मीच आवाज बंद केला होता."

"सगळ्यांचा?"

"नाही. तुझा."

दादा म्हणाला, "बरं." आणि मग, "चल, खेळू. माझ्यामुळे फार हरशील हं." त्या संध्याकाळी ते सपाटून हरले. पडदा लालभडक झाला होता, आणि ठमी रडत रडत हसत होती.

पडदा अजून तिथेच आहे, आणि मीही अजून त्याच्यावर जळतो. नवा हेडफोन येईल तेव्हा त्याच्यावरही जळेन. मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, वायर ओढू नका, आपटू नका. पण आपल्या माणसाचा आवाज बंद करून खापर आमच्या माथी फोडू नका. तो बिचारा खरे मानतो, आणि तुमच्यासाठी नवा हेडफोन मागवतो.