मी, खोटा ठरलेला अणू

मी चुकीचा अणू बोलतोय. कागदाच्या लगद्याचा लाल गोळा, अंगात निळे मणी रुतवलेले. रामटेकच्या नववीतल्या अश्लेषानं मला घडवलं. मणी तिच्या विज्ञानाच्या शिक्षिका शोभाताईंनी नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातून आणले.

माझ्याआधी अणू म्हणजे कधीच न फुटणारी टणक गोळी, असं मानत. मग शास्त्रज्ञ थॉमसनला दिसलं, की अणूहून कितीतरी हलके, ऋण प्रभाराचे कण त्यातून निघतात. त्यानं मांडलं: अणूभर धन प्रभार पसरलाय आणि हे कण त्यात टरबुजातल्या बियांसारखे रुतलेत. तोच मी. काही वर्षं जगानं मला खरं मानलं.

नागपूरच्या विज्ञान प्रदर्शनात अश्लेषानं टेबलावर ओळ मांडली. टणक गोळी, मग मी, मग बांगड्यांच्या कक्षांत फिरणारे कण, शेवटी कापसाचा ढग, म्हणजे आजचा अणू. समोर विटांवर टेकवलेला पुठ्ठा. खाली काय दडलंय ते दिसत नव्हतं.

"अणू असा असन, मधात टणक काहीच नसन," मला उचलून ती विचारायची, "तं कंचे सरळ पार जातीन ना?"

"जातीन!" पोरं ओरडायची.

ती पुठ्ठ्याखाली काचेच्या गोट्या, म्हणजे कंचे, सोडायची. बहुतेक पार जायचे. एखादा खट्‌कन आपटून वापस यायचा. पोरं वाकून पुठ्ठ्याखाली बघायची. मग ती मधोमध चिकटवलेला दगड दाखवायची. रुदरफोर्ड या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर वेगवान धन कण सोडले, तेव्हा काही असेच मागं उसळले. अणूच्या पोटात चिमुकलं, जड केंद्र आहे हे कळलं आणि मी खोटा ठरलो.

परीक्षक आले. "हे चुकीचं मॉडेल काढा. बरोबर तेवढंच ठेवा. राज्य पातळीवर जायचंय ना?"

तिला जायचंच होतं. वर्षभर तोच ध्यास होता.

"सर, हा काढला तं कंचा वापस आल्याचं नवल काहून वाटन?"

"वाद नको. काढतेस की नाव कापू?"

तिचे वडील बाबाराव मागून म्हणाले, "सर, सायकल शिकताना पडलो, ते सांगायचंच नाही का?" लोक हसले. परीक्षक लाल झाले.

अश्लेषानं शोभाताईंकडे पाहिलं. "मेहनत तुही हाय वं. तूच ठरव," त्या म्हणाल्या.

अश्लेषानं मला उचललं आणि टेबलाच्या पुढच्या कडेला, सगळ्यांत आधी दिसेन असं ठेवलं. परीक्षकांनी पेन काढून यादीतलं तिचं नाव कापलं.

बरोबर उत्तरांच्या ठेकेदारांनो, उद्या त्या कापसाच्या ढगालाही कुणी प्रश्न विचारेल. तेव्हा त्यालाही टेबलाखाली दडवाल?

आता मी शाळेच्या कपाटावर आहे. एक मणी निखळलाय. मला खरं म्हणा, अशी माझी मागणी नाही. मी हरलोय, पण पुराव्यापुढं. तुमच्या पेनापुढं नाही.