डुएनचं शेपर
लाकडाची कड कोरायला राउटर टेबल बरं की छोटं शेपर मशीन, यावरून अमेरिकेतल्या दुलुथ शहरातला अर्विड आणि त्याचा शेजारी डुएन वर्षानुवर्षं भांडत आले होते. मग डुएन मुलीकडे अ‍ॅरिझोनाला राहायला गेला आणि जाताना आपलं शेपर अर्विडच्या गॅरेजमध्ये ठेवून गेला. हिवाळाभर अर्विडने त्याला हात लावला नाही. आज त्यावर मेपलची फळी घातली, तर कड एकाच फेरीत गुळगुळीत निघाली. त्याने फोन लावला.

“जिंकलास बाबा. माझं राउटर नुसतंच किंचाळतं.”

“आत्ता कळलं होय, गाढवा?” डुएन हसला. “इथं साधा खिळा ठोकू देत नाहीत रे. जरा ऐकव ना.”

अर्विडने फोन मशीनशेजारी ठेवला आणि दुसरी फळी घेतली. ती संपली, तरी त्याने मशीन बंद केलं नाही.