मनकर्णाबाईनं चहा सोडला

देवाला द्यायला मनकर्णाबाईकडे आता फक्त चहा उरला होता.

बाकी सगळं देऊन झालं होतं. पोरगा अंकुश लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा तिनं गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाला नवस बोलून वांगं सोडलं. लेकीचं लग्न जमावं म्हणून देवीसाठी दोडके सोडले. विहिरीला पाणी लागावं म्हणून गवार गेली. आणि घरचा धंदा कोणता, तर भाजीपाल्याचा! नालवाडीच्या बाहेर भाजीची वाडी, रोज बाजारात टोपल्या जातात, आणि मालकीणबाईच्या ताटात नुसतं वरण-पोळी. सून समीक्षा वैतागून म्हणायची, "आई, कारलं मागणारा एखादा देव पाहा ना आता!"

अलीकडे म्हातारी शेजारच्या जयाकडे रविवारच्या प्रार्थनेला जायची. जया ख्रिस्ती घरातली, सावंगीच्या दवाखान्यात नर्स. तिथली गाणी मनकर्णाबाईला आवडली, मग येशूही आवडला. बाप्तिस्मा घ्यायचं तिनं मनात धरलं होतं. अशातच अंकुशला वाडीत साप चावला. तो दवाखान्यात यंत्रावर श्वास घेत पडला होता आणि ही दाराबाहेर बसून एकच धोशा लावून होती, "येशूदेवा, माह्यं लेकरू वापस दे." डॉक्टरांनी शर्थ केली. पोरगा वाचला, घरी आला.

आता तरी म्हातारीनं सुखानं बसावं की नाही? कुठलं काय! त्याच दिवशी तिनं चहा सोडला. डोकं ठणकायला लागलं. समीक्षावर खेकसणं सुरू झालं. चुलीवर चहा उकळला की पदर नाकाला लावून अंगणात निघून जायची.

अंकुशच्या पायाची पट्टी बदलायला जया आली, तेव्हा समीक्षानं तिच्या हातात कप दिला आणि सासूकडे बोट दाखवलं.

"मावशी, तुमी चहा काऊन नाई घेत?"

"येशूले देला."

जयाला हसू फुटलं. "त्यानं मागतला का?"

"न मागो! फुकट भेटलेलं टिकते का, बाई? उद्या पोराचा श्वास पुन्हा अडकला तर? तो म्हणन, म्हातारीनं माह्यासाठी काहीच सोडलं नाई." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "हा झोपला की मी याच्या नाकापुढं हात धरून पाह्यतो वो. जीव नुसता टांगलेला हाय. पह्यले सारं फेडतो, मंग बाप्तिस्मा घेतो, मंग तो नवा जल्म."

जयानं कप खाली ठेवला. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"मावशी, हा अंकुश जल्मला, तवा यानं काय सोडलं होतं?"

"यानं?" म्हातारी चिडलीच. "यानं काय सोडावं? रातभर कळा मी सोसल्या! अन् हा पोट्टा आल्या आल्या माह्या अंगावर मुतला!"

खाटेवरचा अंकुश, दोन लेकरांचा बाप, कानापर्यंत लाल झाला. "आई, बस कर ना वो."

"मंग वापस देला का त्याले?" जयानं विचारलं.

"वापस काऊन देईन? माहा होता ना तो!"

बोलली आणि तिची नजर खाटेवरच्या अंकुशकडे वळली.

"नवा जल्मही तसाच राह्यते, मावशी," जया हळू आवाजात म्हणाली. "कळा येशूनं क्रुसावर सोसल्या. आपण निस्तं त्याचं व्हाचं."

मनकर्णाबाई रडली. दवाखान्यात डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ते सगळं आज आलं. अंकुश घाबरला, पण रडणं मोकळं होतं. किती वर्षांनी तिला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि आतल्या दिशेनं हाक मारली.

"समीक्षे, चहा मांड. साखर हात राखून नोको टाकू!"

"अन् वांगं?" अंकुशनं डिवचलं.

"वांग्याचं मंग पाहू. बाबा कुठी पळून नाई चालले."

चहा येईपर्यंत अंकुशला डुलकी लागली. म्हातारीचा हात सवयीनं त्याच्या नाकाकडे निघाला, अर्ध्यात थांबला, आणि वळून तिनं बशी उचलली.