खालच्या कप्प्यातली फौज

गुंडीचा सगळ्यात आधी हरवलेला शब्द 'घोडा'.

गुंडी म्हणजे आमची मुलगी, तिसरं वर्ष लागायला आलेली. दिवा, वर, नको, घोडा, असे मूठभर शब्द ती बोलायला लागली होती. मग एके दिवशी घोड्याकडे नुसतं बोट दाखवलं. पुढे बोटही दाखवेना, माझाच हात धरून ओढायला लागली. 'दिवा' गेला. जेवण कमी झालं, पोट धरून रडणं वाढलं. मी घरात सगळ्यांना सांगितलं.

"दाढा येत असतील," नवरा म्हणाला.

"दाढांनी शब्द जातात?"

"तुला काळजी करायला कारण लागतच नाही. मोकळा वेळ पुरतो." आणि हसला. वाईट नाही तो. पण हसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही मुलं थांबून थांबून बोलतात, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा! दिवसभर मी दुसरं करते काय?

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फौज विकायची ठरवली ती त्याच सुमारास. फौज हा घरातला शब्द. अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे, प्लास्टिकचे सैनिक, घोडेस्वार, तोफा, शिवाय पंख पसरलेले दोन-चार राक्षस. टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फासे टाकून, पट्टीने अंतरं मोजून त्यांच्या लढाया खेळायच्या. बाबा नोकरीत इमारतींचे नकाशे काढायचे आणि घरी आले की यांना रंग द्यायचे. एकेकाच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा वेगळं. त्यांच्याशी लढणारे मित्र एकेक करून गेले. मग डोळे गेले, अगदी सगळे नाहीत, पण बक्कल दिसेनासं झालं.

"मी गेल्यावर तुम्ही भंगारात घालाल," बाबा म्हणाले, "त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत जाऊ देत. जेवढे उरलेत तेवढ्या डोळ्यांदेखत."

फौज बाबांच्या खोलीत असायची. गुंडी झाली तेव्हा उघड्या फळ्यांवरचे सैनिक तिच्या हाती लागतील म्हणून नवऱ्याने सुताराकडून छतापर्यंत कपाट करून घेतलं होतं. दारांना रबराची पट्टी, म्हणजे धूळ आत नको आणि मूलही नको. वरच्या कप्प्यांत नवे प्लास्टिकचे, खालच्या ओढकप्प्यात बाबांचे सगळ्यात जुने. दार उघडलं की आंबूस वास यायचा, व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखा. "फौजेच्या घामाचा वास," बाबा म्हणायचे. खालच्यांच्या पायांवर, भाल्यांच्या टोकांवर पांढरी पूड धरली होती, ती ते रुमालाने पुसायचे. "त्यांचेही केस पिकायला लागले."

दुपारी गुंडी त्यांच्याच खोलीत झोपायची. झोपण्याआधी पाहणी. बाबा खालचा कप्पा ओढायचे, हिरव्या झग्याचा एक भालदार काढायचे, तळहातावर उभा करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "पाहणी!" गुंडी दोन बोटांनी त्याला पायाच्या चकतीला धरून उचलायची. अंगाला हात लावायचा नाही, रंग जातो, हे तिला शिकवलेलं. डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि परत तळहातावर ठेवायची. मग तो भालदार उशाशी पहाऱ्याला. बाबांनी रंगवलेला तो पहिला सैनिक. झग्याचा हिरवा रंग सासूबाईंनी निवडला होता. मी त्यांना पाहिलेलं नाही, फक्त तो हिरवा पाहिला.

बाबांना ब्रशचं टोक ओठांत धरून काढायची सवय. रंग असो नसो, ब्रश हातात आला की ओठांशी गेलाच. गुंडी भाल्याचं तसंच करायची. टोक ओठांत धरायचं, फिरवायचं, बाहेर काढून बघायचं.

"शी! तोंडात नाही," मी धावायची.

"बघ सूनबाई, अजून रेघ ओढता येत नाही, पण टोक काढता येतं. रक्तातच आहे."

"बाबा, धातू आहे तो."

"अगं, चाळीस वर्षं रंग चाटतोय. मेलो का?"

यावर सून काय बोलणार?

तर गिऱ्हाईक आलं. असल्या खेळांचं दुकान चालवणारा माणूस, आमच्याच वयाचा, गोल चेहऱ्याचा, बडबड्या. आल्या आल्या मला वहिनी आणि बाबांना काका करून मोकळा. सोबत स्पंज लावलेल्या पेट्या. वरचे कप्पे बघताना तोंडाचा पट्टा सुरू होता.

"काका, हा घोडा नुसता उभा नाही हो, कंटाळलाय! घोड्याच्या तोंडावर कंटाळा कसा काढलात?"

"माझे साहेब समोर ठेवून," बाबा म्हणाले. सगळे हसलो. मीही.

मग त्याने खालचा कप्पा ओढला आणि गप्प झाला.

मी दारात गुंडीला कडेवर घेऊन उभी होते. माणूस गप्प झाला की माझं त्याच्याकडे जास्त लक्ष जातं. त्याने वाकून वास घेतला. पुढे केलेला हात मागे घेतला. खिशातून पातळ रबरी हातमोजे काढून चढवले, एक सैनिक उलटा करून चकतीखाली बघितलं आणि होता तसा ठेवला. कप्पा गुडघ्याने लोटला. अगदी हळू, झोपलेलं माणूस उठू नये अशा बेताने.

"हे कपाट कधी केलंत?"

"हिच्या जन्माच्या वेळी," नवरा कौतुकाने म्हणाला. "एकदम घट्ट. हवासुद्धा जात नाही."

"हं. आणि इथे झोपतं कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "आणि दुपारी ही आमची सेनापती."

तो गुंडीकडे बघत राहिला. मुलांकडे बघताना लोक हसतात, तसा नाही. मग म्हणाला, वरचे सगळे घेतो, खालच्यांचं नंतर बघू.

"खालच्यांचं नंतर?" बाबांचा आवाज चढला. "अरे, खालचेच तर खरे! वरचं प्लास्टिक पोरंटोरंही रंगवतात."

"हो काका. म्हणूनच. घाई नको त्यांना."

त्याने हात धुवायला पाणी मागितलं आणि साबण लावून कोपरापर्यंत धुतले. मी केलेला चहा तसाच राहिला, वर साय धरून. बाबांना राग आला होता, नवरा पेट्यांना हात लावत होता. मी गुंडीला खाली ठेवलं आणि राहिलेली पिशवी देण्याच्या निमित्ताने जिन्यात त्याला गाठलं.

"खालच्या कप्प्यात काय आहे?"

"काही नाही वहिनी, जुना माल आहे, जरा..."

"तुम्ही हात का धुतलेत?"

त्याने पेटी पायरीवर ठेवली. वर दाराकडे बघितलं.

"ते शिशाचे आहेत. पूर्वी तसेच ओतायचे. उघड्यावर होते तोवर ठीक होतं. नव्या लाकडातून, डिंकातून आंबट वाफ येते, ती बंद कपाटात कोंडली की शिसं सडतं. ती पांढरी पूड म्हणजे तेच. मुलगी तोंडात घालते का?"

उत्तर माझ्या चेहऱ्यानेच दिलं असावं.

"रक्त तपासून घ्या तिचं. उद्यावर टाकू नका."

"वर का नाही बोललात?"

"कसं बोलू? माणसाने जन्मभर केलेल्या कामाला त्याच्या तोंडावर विष म्हणू?"

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. वर नवरा बाबांची समजूत घालताना ऐकू येत होता. ते म्हणत होते, "राहू दे रे, त्याला कळत नाही. हिला तरी कळतं." खोलीत कप्पा उघडा होता. बाबांचा तळहात पुढे. आणि माझी मुलगी भाल्याचं टोक ओठांत धरून, डोळे अर्धे मिटून उभी होती, एखादं गाणं ऐकत असल्यासारखी.

मी ओरडले. मग सगळेच ओरडले.

रक्त काढताना गुंडी रडली नाही, हे मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. तपासणीवाल्याने सुई टाकून दिली तेव्हा बाबांनी न सांगता बाही वर केली. "माझंही घ्या," म्हणाले. नवरा भिंतीकडे बघत होता. त्यानंतर माझ्या काळजीवर तो हसला नाही.

दोघांच्याही रक्तात शिसं निघालं. बाबा म्हणाले, "माझ्यातलं मुरलेलं आहे, त्याला कोण हात लावतंय." पण ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून नीट सांगितलं. या वयात ते मेंदूला धरतं. घरातून जाईल तसं रक्तातूनही हळूहळू कमी होईल. शब्द परत येतील का? बऱ्याचदा येतात. सगळे? त्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या.

दुकानदार पुन्हा आला, तोंडाला पट्टी आणि हातात मोजे घालून. आता बडबड नाही. खालच्या कप्प्यातला एकेक सैनिक झाकणाच्या डब्यात गेला. हे कुठल्याही घरात जाणार नाहीत, एवढं त्याने मला शब्द देऊन सांगितलं. बाबा खुर्चीत बसून होते, लग्नघरातून पाहुणे निघताना बघावं तसे. कप्प्यातल्या कापडावर प्रत्येकाच्या चकतीचा गोल वळ उमटला होता. डबे भरून झाल्यावर दुकानदाराचं बोट एका वळावर थांबलं, तिथून त्याने काही उचललं नव्हतं.

"इथे एक होता का?"

"तुझ्याच पहिल्या पेटीत गेला असेल," बाबा म्हणाले.

"असेल," तो म्हणाला.

कपाट गेलं. फरशी, भिंती, गाद्या, पडदे, मी सगळं ओल्या फडक्याने पुसून फडकी फेकून दिली, परत पुसलं. खोली एवढी रिकामी झाली की खोकला घुमायचा. बाबांनी जेवताना, ताटात बघत विचारलं, "दुपारी तिला माझ्याकडे झोपवशील का? आता काय आहे तिथे." म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. मी पाठवायला लागले. तपासणी पुन्हा करायची होती तोवर मी गुंडीच्या तोंडाकडे बघत राहिले. एकदा 'नको' म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, एवढा सुंदर 'नको' होता तो.

दुसऱ्या तपासणीत आकडा खाली यायला हवा होता.

तो चढला होता.

"घरात अजून कुठेतरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शोधा."

नळाचं पाणी तपासलं. खेळणी बाहेर काढली. नवऱ्याने भिंतीचा रंग खरवडून तपासायला दिला. काही नाही. 'कुठे आहे गं?' मी गुंडीलाच विचारायची, तिच्या उंचीला बसून, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून. ती माझ्याकडे बघायची. सांगायचंच नव्हतं की सांगता येत नव्हतं, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळत नव्हतं.

मग मी शोधणं सोडलं आणि जे मला येतं ते केलं. लक्ष ठेवलं. दुपारी तिला बाबांच्या खोलीत झोपवून, दार लोटून, फटीशी उभी राहिले.

बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले. बराच वेळ काही नाही. मग गुंडी उठली. आवाज न करता, रोजचं काम असल्यासारखी त्यांच्या पलंगाशी गेली. त्यांच्या उशीखाली हात घातला. चाचपडलीसुद्धा नाही. रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली. दोन बोटांनी, पायाच्या चकतीला धरून, हिरव्या झग्याचा भालदार उचलला. डोळ्यांजवळ नेला. मग भाल्याचं टोक ओठांत.

मला ओरडायचं होतं. मागे ओरडले तेव्हा ती तीन रात्री दचकून उठली होती. मी आत गेले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि बाबांसारखा तळहात पुढे केला.

तिने भाला तोंडातून काढला. विचार केला. माझ्या तळहातावर त्याला नीट उभा केला, तोंड माझ्याकडे करून. टोकाचा रंग केव्हाच गेला होता. उघडं शिसं ओलं चकाकत होतं.

भिंतीकडे तोंड केलेले बाबा झोपाळल्या आवाजात म्हणाले, "झाली पाहणी? ठेव जागेवर. एकच तर राहिलाय आपला. आणि आईला सांगायचं नाही हं."

गुंडी माझ्याकडे बघत होती. सांगायला तिच्याजवळ शब्द तरी कुठे उरले होते. मी मूठ मिटली. टोक तळहातात रुतलं, तरी मिटलेलीच ठेवली.