माहिती देणार : पत्नी

तेजल पीएच.डी. करते म्हणजे नक्की काय करते, हे तिच्या वडिलांना, गोरक्षांना, चार वर्षांत कधी नीट कळलं नव्हतं. चाकणजवळच्या त्यांच्या गावात लोक विचारायचे, "पोरगी कुठल्या कंपनीत?" आणि ते "शिकतीय अजून" एवढं म्हणून विषय बदलायचे. खरं तर पोरगी तुटलेली बोटं मोजत होती. कामगारांच्या हातांना होणाऱ्या इजा आणि त्यांची सरकारदरबारी होणारी नोंद, असा तिचा विषय होता. एका खासगी दवाखान्याने नावं झाकून वीस वर्षांची रजिस्टरं तिला बघायला दिली होती.

त्या रजिस्टरांत तिला घबाडच सापडलं. एकतीस माणसांची बोटं कंपनीत नव्हे, तर घरी कडबाकुट्टीत, म्हणजे जनावरांचा चारा कापायच्या यंत्रात, गेली होती. आता गंमत बघा, यातल्या निम्म्या गावांत तेव्हा औषधालाही जनावर उरलं नव्हतं. गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या. मग कुट्टी काय भाडेकरूंसाठी फिरत होती? अपघात व्हायचा पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, आणि कंपनीच्या अंगाशी येऊ नये म्हणून कागदावर चढायची घरची कुट्टी. गाईड मॅडम खूश झाल्या. तेजलही खूश झाली, आणि त्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

कारण त्या एकतिसांत एक ओळ तिच्या घरची होती. नाव नसलं तरी गाव, वय आणि उजव्या हाताची मधली तीन बोटं तिनं ओळखली. पण ही ओळ खोटी नाही, याची तिला खात्री होती. त्यांच्या दारात म्हैस होती, कुट्टी होती. वडिलांचा, आबांचा, हात आत असताना आईनं, पुतळाबाईनं, न बघता बटण दाबलं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तेजल तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून तिनं आईकडून वेणी घालून घेतली नाही. आई तेलाची वाटी घेऊन बसायची आणि ही म्हणायची, "तुझे हात नको लावूस मला." मोठी शहाणी! पुढे कॉलेजात गेली, बोलणं सुधारलं, पण माया काही परत जुळली नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली.

"आबा, कुट्टीच्या या एकतीस नोंदींत आपलीच एक खरी आहे," रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली. "तेवढी वेगळी काढते."

गोरक्षांनी अंगठा आणि करंगळीत धरलेलं सुपारीचं खांड खाली ठेवलं.

"काढू नगंस," ते म्हणाले. "आपली कुट्टी तवा बंद व्हती. मोटर जळाली व्हती तिची."

"मग आईनं बटण..."

"बटण कुनीच दाबलं न्हाई. बोटं कंपनीत प्रेसखाली गेली. सुपरवायझरनं टेम्पोतनं दवाखान्यात नेलं. म्हणला, घरी लागलं म्हणून सांगा, नोकरी ऱ्हाईल. डॉक्टरनं इचारलं, तर माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. तुझी आई म्होरं झाली. माझ्याच हातनं चालू झाली, म्हणली. घरच्या मानसानं सांगितल्यावर कोन इचारतंय?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ल्हान व्हतीस. शाळंत बोलून बसली असतीस. मोठी झालीस तवा ती म्हणली, तुमची थोडीच वर्सं ऱ्हायलीत कंपनीत, ऱ्हाऊ द्या."

"ती गेली तेव्हा तरी सांगायचंत!"

गोरक्षांनी सुपारीचं खांड परत उचललं. माणूस वाईट नव्हता. पण बायकोनं अंगावर घेतलेला बोल त्यांनी शेवटपर्यंत तिच्याच अंगावर राहू दिला होता.

तेजलनं लॅपटॉप उघडला. रजिस्टरात 'माहिती देणार' असा एक रकाना होता. बिनकामाचा म्हणून तिनं तो यादीतून लपवून ठेवला होता. तो तिनं परत आणला. एकतिसांपैकी एकोणीस ठिकाणी एकच शब्द होता: पत्नी.

"ल्हिनार हे?" गोरक्षांनी विचारलं.

"लिहिणार."

"मंग तिचं नाव घाल. गावानं लई बोल लावला तिला."

"नाव घालता येत नाही, आबा. कुणाचंच नाही. संशोधनाचा नियम आहे."

"तुज्या आईचं बी न्हाई?"

तिनं मानेनंच 'नाही' म्हटलं. मग आपल्या घरच्या, बाविसाव्या ओळीत, खऱ्या कारणाच्या रकान्यात, 'पॉवर प्रेस' असं लिहिलं. शेजारी 'पत्नी' तेवढं होतं तसंच राहिलं. तिला रडू आवरेना. तेलाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसलेली आई तिला दिसत होती, आणि तिच्यापुढे जाऊन बसायला आता फार उशीर झाला होता.